मळ हाय, दुसरं काय न्हाई

घर बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी आधी माझे कान बघितले. भाडं, डिपॉझिट, घरात माणसं किती, हे सगळं नंतर. ओसरीत एक लोखंडी खुर्ची होती. तिच्यावर मला उन्हाकडे कान करून बसवलं, कानाची पाळी वर आणि मागे ओढली आणि आत बॅटरी मारली.

"उजवा साफ हाय. डाव्यात मळ हाय. रविवारी काढू," ते म्हणाले, आणि जागा मला मिळाली.

मी सिंचन खात्यात हिशेबाच्या टेबलावर काम करणारा माणूस. घर भाड्याने घेताना आपला डावा कान असा चर्चेला येईल हे कधी मनात आलं नव्हतं. पण नांदेडात त्या भावात, नळाला रोज पाणी असलेली वरच्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा दुसरीकडे नव्हती, आणि मी ती चार ठिकाणी विचारून पाहिली होती. आम्ही तिथे नऊ वर्षं राहिलो. खाली घरमालक काका आणि काकू. मुलगा पुण्याला, मुलगी लातूरला दिलेली.

ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. ट्रंक कॉलच्या काळात नांदेडच्या एक्स्चेंजमध्ये डोक्याला हेडफोन लावून बसत. लोहा, किनवट, देवणी, उदगीर, सगळीकडच्या लायनी त्यांच्या हातातून जायच्या. "किनवटची लाईन लागली की मी आवाज येण्याच्या आधीच वळखायचो," ते सांगत. "नुसत्या खरखरीवरून. जंगलातून येणारी तार, तिची खरखरच निराळी." त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बरोबरच्या निम्म्या ऑपरेटरांचे कान त्या हेडफोनने गेले, त्यांचे राहिले, कारण ते दर आठवड्याला कानात मळाचे थेंब घालत. हे कितपत खरं, मला माहीत नाही. एवढं मात्र खरं की त्यांना बोलताना कधी हळू बोलताच आलं नाही. शेजारच्याला साखर मागायची तरी देवणीला ऐकू जाईल असं मागत.

त्या नोकरीतला एक नियम ते फार मानत. जोडून दिलेल्या लायनीवर आपण थांबायचं नाही. "दोन माणसं बोलून राह्यली न, मंग तिसऱ्याचं तिथं काय काम? तिसऱ्यानं ऐकायचं नसतंय." असं ते कितीतरी वेळा म्हणाले असतील.

रविवारी सकाळी ओसरीत पथारी पडायची. आधी ते स्वतः, मग काकू, मग आम्ही भाडेकरू, मग गल्लीतलं जे कोणी हाताला लागेल ते. थेंबांची बाटली ते आधी काखेत धरून बसत. गॅसवर किंवा गरम पाण्यात धरू द्यायचे नाहीत. "अंगाएवढं गरम पायजे. गार घातलं की घेरी येती, जास्ती गरम घातलं की पडदा जातो." मग कुशीवर झोपवायचं, पाळी ओढायची, थेंब कानाच्या भिंतीवरून सोडायचे, म्हणजे आतली हवा बाहेर येते. मग हलायचं नाही. कापसाचा बोळा, आणि दुसरी कूस. माझी बायको पहिल्या वर्षी लाजून वर बसायची. दुसऱ्या वर्षापासून तीही पदर सावरून पथारीवर यायला लागली. खोटं कशाला बोलू, माझ्या डाव्या कानातून तिसऱ्या रविवारी मसुराच्या दाण्याएवढा काळा खडा निघाला आणि ऑफिसातल्या पंख्याचा आवाज मला नव्याने ऐकू आला.

कान कोरणाऱ्यांवर त्यांचा राग होता. लाल टोपी घालून, कानाला काडी लावून फिरणारे कानसाफवाले त्यांच्या गल्लीत यायचं टाळत. मी एकदा पायरीवर बसून स्कूटरच्या किल्लीने कान खाजवत होतो. त्यांनी मागून येऊन किल्ली काढून घेतली.

"काका, ऑफिसला जायचंय."

"रिक्षानं जा. कान म्हणजे न्हाणी हाय, साहेब. न्हाणीत कुणी सळई घालतं का? पाणी सोडायचं, दम खायचा, आपोआप वाहतंय."

किल्ली संध्याकाळी मिळाली.

लोह्याला त्यांच्या भाचीचं स्थळ बघायला गेलो होतो, मीही बरोबर होतो. पोरगा चांगला होता, बँकेत होता. पोहे झाले, बोलणी झाली, आणि उठताना हे म्हणाले, "जरा उजेडाकडे व्हा बरं, जावईबापू." सगळ्यांच्या समोर त्यांनी त्याचे दोन्ही कान तपासले. पोरगा लाल झाला. बापाने विचारलं, हे काय? तर म्हणे, "बायकोचं ऐकतो म्हणून सगळेच सांगतात. ऐकू येतं का ते बघून घेतलेलं बरं." लग्न जमलं. काकू मात्र परतीच्या एसटीत त्यांच्याशी बोलल्या नाहीत. कंधारचा फाटा मागे पडला तेव्हा एवढंच म्हणाल्या, "माझे कान बघून बघून जन्म गेला तुमचा. कधी बोललेलं ऐकलं असतं तर." तेव्हा त्यांना ऐकू येत होतं. ते मोठ्याने हसले.

काकू देगलूरकडच्या. बारीक अंगाच्या, बोलणं त्याहून बारीक, आणि मधून एखादा तेलुगू शब्द. नवऱ्याला हाक मारायची म्हणजे "ओ". आमच्याकडे त्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. गल्लीत अशा चार-पाच घरांतून दिवसभर "ओ" ऐकू यायचं, आणि ते कोणाला आहे हे ज्याचं त्याला कळायचं. दुसऱ्याच्या बायकोच्या "ओ"ला आपण "काय?" म्हणायचं नसतं. ही गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते हिच्यामुळे झालं.

काकांचे कान जायला लागले ते कधी, हे नेमकं सांगता येणार नाही. आधी टीव्हीचा आवाज वाढला. मग दाराची कडी वाजवून येणारा दूधवाला खिडकीवर यायला लागला. मग ते "काय?" म्हणायचंही बंद झाले आणि सगळ्याला "बरं" म्हणायला लागले. मी एकदा म्हटलं, "काका, एकदा डॉक्टरला दाखवू." तर म्हणाले, "मळ हाय, दुसरं काय न्हाई." रविवारचे थेंब रोजचे झाले, मग दोन वेळचे. मेडिकलवाला चेष्टा करायचा, "काका, कानात घालून राह्यले का पिऊन राह्यले?" काका म्हणाले, "बरं," आणि बाटली घेऊन आले.

त्याच सुमाराला काकूंना लकवा झाला. उजवी बाजू गेली, आणि होता तो आवाजही अर्धा झाला. बोलणं कळायचं, पण जवळ जावं लागायचं. नंतर काकांनी जे केलं ते मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. बाई ठेवली नाही. उचलणं, बसवणं, अंघोळ, वेणी, घास भरवणं, सगळं स्वतः. सत्तरी ओलांडलेला माणूस. वेणी पहिल्या महिन्यात भयंकर घालायचे. काकू माझ्या बायकोला म्हणाल्या, "सुंभाच्या दोरासारखी वळतेत बघ, पण वळतेत." एकच अडचण होती. त्या "ओ" म्हणत आणि काकांना ते ऐकू येत नसे. म्हणून ते थेंब वाढवत. मला तो हिशेब तेव्हाही पटत नव्हता, पण तिच्यासाठीच ते घालत होते यात शंका नव्हती.

उन्हाळ्यातली दुपार होती. त्यांनी काकूंना न्हाणीच्या उंबऱ्यापाशी खुर्चीवर बसवलं, तोंड धुवून झालं, आणि "इथंच बस, एवढं कानाचं उरकून घेतो," म्हणून ते ओसरीत जाऊन कुशीवर झोपले. वरच्या कानात थेंब, खालचा कान उशीत. ओसरी आणि न्हाणी यांच्यात एक खोली आहे, दारं उघडी होती. काकू खुर्चीवरून घसरल्या. घसरल्यावर त्यांनी हाक मारली. किती वेळ, ते कोणालाच माहीत नाही. माझ्या बायकोने ती ऐकली. ती वर तांदूळ निवडत होती. "ओ... ओ..." असं दोनदा-तीनदा तिच्या कानावर आलं आणि तिला वाटलं, काकू काकांना बोलावतायत. असं रोजच येत होतं. ती तांदूळ निवडत राहिली. नंतर ती मला म्हणाली, "नुसतं 'अगं ए' म्हटलं असतं तरी धावले असते. 'ओ' म्हटल्यावर मी कशी जाणार?" गल्लीतल्या आणखी दोघींनी तीच हाक ऐकली होती. त्याही तेच म्हणाल्या.

थेंबांची वेळ भरल्यावर काकांनी कूस बदलली, दुसऱ्या कानात थेंब घातले, तीही वेळ भरली. मग ते उठून आत गेले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. काकू घरी आल्या त्या खाटेवर कायमच्या.

त्यानंतर काकांनी सुतळी बांधली. एक टोक काकूंच्या डाव्या मनगटाला सैल फास करून, दुसरं स्वतःच्या घोट्याला. स्वयंपाकघरापर्यंत पुरेल एवढी लांब. काकूंनी ओढली की ते जात. ही तोड चालली होती, हे मला नमूद केलं पाहिजे. पण सुट्टी काढून मुलगा आला, त्याने दारातूनच ते बघितलं आणि त्याचा तोल गेला.

"बाबा, आई काय जनावर आहे का दाव्याला बांधायला?"

"बरं," काका म्हणाले.

"बरं काय? बरं काय, बरं!"

काकू खाटेवरून म्हणाल्या, "मला न्हाई रे बांधलं. त्यांना बांधलंय मी." पण त्या काय म्हणाल्या ते मुलालाही वाकून ऐकावं लागलं.

मुलगा वाईट नव्हता. पुण्यात त्याची भाड्याची जागा लहान, बायको नोकरीला. बहिणीचं लातूरचं घर मोठं, ती दिवसभर घरी. तिने आईला न्यायची तयारी दाखवली होती. वडिलांना न्यायची नाही, तिथे सासू-सासरे होते. शेवटी असं ठरलं की डॉक्टरला दाखवायचं. मळ निघाला आणि ऐकू यायला लागलं तर आई इथेच राहील. नाही तर लातूर. हे मुलाने वडिलांना समोर बसून, सावकाश, दोनदा सांगितलं. या वेळी ते "बरं" म्हणाले नाहीत. म्हणाले, "मळ हाय. निघंल."

कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे मी बरोबर होतो. जाताना त्यांनी दोन्ही कानांत थेंब घालून बोळे लावले होते, मळ मऊ पडावा म्हणून. डॉक्टर तरुण होता, शांत होता. त्याने बोळे काढले, पुसलं, नळी घालून आत बघितलं. डावा, उजवा, पुन्हा डावा.

"मळ अजिबात नाही," तो म्हणाला. "इतके साफ कान मी क्वचित बघतो. उलट आतली कातडी थेंबांनी सोलवटली आहे. ऐकायची नस कमजोर झालीय, ती औषधाने येत नाही."

मुलाने ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं. काकांनी वाचलं. मग खुर्चीवर पुढे सरकून डॉक्टरचं मनगट धरलं.

"थोडा तरी असंल की. लई आत असंल. नीट बघा न, डॉक्टरसाहेब. घाई करू नका. मी बसतो."

डॉक्टरने पुन्हा बघितलं. बघायची गरज नव्हती, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. पण त्याने दोन्ही कान पुन्हा बघितले, आणि मान हलवली.

कानाचं मशीन लावून बघू, असं निघालं. काकांचा नकार होता. "मशीन लावलं म्हंजे भैरा ठरलो." पण मुलाने अट पुन्हा सांगितली: मशीन लावून आईची हाक ऐकू आली तरी आई इथेच. तेव्हा त्यांनी लावून घेतलं. डॉक्टरने बजावलं, आता कानात थेंब घालायचे नाहीत. त्याने ते लिहूनही दिलं.

घरी आल्यावर काकूंनी "ओ" म्हटलं. त्यांनी वळून बघितलं. माझी बायको तिथे होती. तिने सांगितलं, काकूंनी पुन्हा "ओ" म्हटलं, आणि त्यांनी "काय?" म्हटलं. नुसतं एवढंच दोघांचं बराच वेळ चाललं होतं. मुलगा समाधानाने पुण्याला गेला.

दहा-पंधरा दिवस बरे गेले असतील. मग मशीन अडखळायला लागलं, आणि एका सकाळी बंद पडलं. मी ते हातात घेऊन बघितलं. कानात जाणाऱ्या नळीत चिकट, पिवळट तेल भरलं होतं. काखेत बाटली धरून ते माझ्याकडे बघत होते, आणि मी इतक्या वर्षांत त्यांना इतकं खुश बघितलं नव्हतं.

"बघितलं का? मशीनसुद्धा मळानं बंद पडलं. मी सांगत न्हवतो? आता निघायला लागलाय."

त्यांचा हिशेब असा: मशीन लावल्यावर आवाज येतो, पण खरखर येते. खरखर म्हणजे लाईनमध्ये मळ. तो काढला की आवाज साफ होईल. म्हणून ते मशीन काढून थेंब घालत, आणि कान ओला असतानाच पुन्हा मशीन चढवत. मी त्यांना कागदावर लिहून दिलं की हे थेंबांचं तेल आहे. त्यांनी कागद वाचला, घडी केली आणि खिशात ठेवला. मशीन दुरुस्तीला गेलं ते परत आलं, पुन्हा बंद पडलं. त्या बंद पडलेल्या काळात एकदा काकूंच्या हातातून गरम चहा सांडला. सुतळी मुलाने जातानाच सोडून टाकली होती.

दिवाळीच्या आधी लातूरहून गाडी आली. गाडीत चढवताना काकूंनी माझ्या बायकोचा हात धरून सांगितलं, "त्यांच्याशी ओरडून नका बोलू. बोललं तर बोला, नाय तर नका बोलू. ओरडलं की त्यांना वाटतंय आपण रागावलोय."

काकू गेल्यावर रोज संध्याकाळी ते माझा मोबाइल मागायला वर येत. त्यांचा स्वतःचा होता, पण माझ्या स्पीकरचा आवाज मोठा. लातूरला मुलगी फोन आईच्या तोंडापाशी धरायची. इकडे काका फोन हातात आडवा धरून, एक्स्चेंजमध्ये बसल्यासारखे ताठ बसायचे.

"नांदेड बोलतो. बोला."

मग थांबायचे. तिकडून काकू त्या पुसट आवाजात काहीतरी बोलायच्या. त्यांना त्यातलं अक्षरही ऐकू यायचं नाही. पण माणसाला एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो हे त्यांना पाठ होतं. तेवढा वेळ सोडून ते म्हणायचे, "बरं. औषध घेतलं का?" पुन्हा थांबायचे. "बरं. जेवलीस का?" थांबायचे. "बरं. उद्या बोलू." काकूही त्या मोकळ्या सोडलेल्या जागेत बरोबर बोलायच्या. मी एकदा मधे पडून काकू काय म्हणाल्या ते सांगायला गेलो, तर त्यांनी बोट वर करून मला गप्प केलं.

पण खोली माझी, फोन माझा, स्पीकर मोठा. ऐकू यायचंच. संक्रांत झाल्यावर एका संध्याकाळी काकू म्हणाल्या, "मला हितं करमत न्हाई. न्या की मला."

"बरं," ते म्हणाले. "औषध घेतलं का?"

"न्या की मला, ओ."

"बरं. जेवलीस का?"

फोन ठेवल्यावर मी गप्प बसलो नाही. त्यांच्या समोर बसून सावकाश सांगितलं, काकू म्हणतात, मला न्या. त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

"ऐकलं मी," ते म्हणाले. "लाईनवर ऐकलं. तुमी कशाला सांगता?" मग जिन्यात थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "जरासा ऱ्हायलाय. तेवढा निघू द्या. मंग जातो आणायला." दुसऱ्या दिवसापासून ओसरीतली पथारी उचललीच नाही. दुपारी बघावं तर कुशीवर, संध्याकाळी बघावं तर दुसऱ्या कुशीवर.

थंडी सरत आली होती. सकाळी मी दाढी करत असताना लातूरहून फोन आला. मुलगी होती. आई पहाटे झोपेतच गेली, म्हणाली, बाबांना कसं सांगू, तुम्हीच सांगा, असं म्हणत रडत होती. मी फोन तसाच चालू ठेवून, अर्ध्या तोंडाला साबण, खाली उतरलो. कसं सांगायचं ते जिन्यात ठरवत होतो. ओरडायचं नाही एवढं पक्कं होतं. बायको माझ्या मागे होती.

ते पथारीवर उठून बसले होते. माझ्या हातात चालू फोन बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. आज सकाळीच, असं त्यांना वाटलं असावं. मी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी बोट वर केलं, फोन माझ्या हातातून घेतला, आडवा धरला, ताठ बसले.

"नांदेड बोलतो. बोला."

"बाबा," स्पीकरमधून मुलगी रडत होती, सगळ्या ओसरीत ऐकू येत होतं. "बाबा, आई गेली हो, आई गेली."

ते तेवढा वेळ थांबले.

"बरं," ते म्हणाले. "औषध घेतलं का?"

तिकडचं रडणं एकदम तुटलं. मी पुढे झालो, तर त्यांनी माझ्याकडे न बघता बोट पुन्हा वर केलं. वेळ भरला.

"बरं. जेवलीस का?"

स्पीकरवर काही नव्हतं, नुसती खरखर. मग मुलीचा आवाज आला, हळू, अगदी आईसारखा बारीक.

"हाव. जेवले."

"बरं," ते म्हणाले. "उद्या बोलू." आणि त्यांनी फोन माझ्याकडे दिला.